दुर्बिणीचं ऑपरेशन आणि कोरोनाची धास्ती

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

   हातातलं काम न सोडता ऐकलंत तरी चालेल. फक्त बोलण्याच्या शेवटी मी पाच प्रश्न सांगणार आहे. ते लिहून घ्यायला एक कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा.

बचत गटांची समन्वयक म्हणून मी महिन्याला पंधरा-वीस बैठकांना बसते. कर्जाची मागणी वाचली जाते तेव्हा घराघरातलं दुखणं कळतं. कोरोनाच्या आधी दर महिन्याला एखादी तरी बाई ऑपरेशनसाठी कर्ज मागायची. कुणाचे पित्ताचे खडे, कुणाच्या अंडाशयावर गाठ, कुणाचं कुटुंब नियोजनाचं. लॉकडाऊन लागला आणि ही मागणी जवळजवळ बंद झाली. बायांचं दुखणं थांबलं नव्हतं, त्या ते अंगावर काढत होत्या. २०२१ मध्ये दुसरी लाट ओसरली, दवाखान्यांत पुन्हा तारखा मिळायला लागल्या, तरी बाया पुढं येत नव्हत्या. विचारलं की कारणं सांगायच्या.

एक म्हणते, “दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरतात, त्या हवेतनं कोरोना पसरतो म्हणे.” दुसरी म्हणते, “मला मागं कोरोना होऊन गेला, आता भूल दिली तर मी उठेन का?” तिसरीचं उलटंच असतं. ती म्हणते, “दोन भोकं तर पाडायची आहेत, त्यात काय मोठंसं? उद्याच करून टाकते.” आणि तिला घरी दोन दिवसांपासून ताप असतो.

या तिन्ही बायांसाठी मी आज बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टर मंडळींना विचारून, वाचून, समजून घेऊन तुमच्यापर्यंत आणणं हे माझं काम आहे. आजच्या बोलण्याचं सार आधीच सांगते: दुर्बिणीला घाबरू नका, पण ऑपरेशन कधी करायचं आणि कुठं करायचं, हे विचारल्याशिवाय टेबलावर झोपू नका.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे काय

बेंबीजवळ एक बारीक छेद घेतात, साधारण एक सेंटिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. त्यातून एक नळी आत घालतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू भरतात. सोडावॉटरच्या बाटलीत बुडबुडे येतात ना, तोच हा वायू. पोट फुगलं की आत जागा होते. मग बारीक दुर्बीण आत घालतात, तिच्या टोकाला उजेड आणि कॅमेरा असतो. आतलं चित्र समोरच्या पडद्यावर दिसतं. आणखी दोन-तीन बारीक छेदांतून लांब दांड्याची हत्यारं घालतात आणि पडद्याकडं बघत ऑपरेशन करतात. काम झालं की वायू काढून टाकतात आणि एखाददुसरा टाका घालतात.

हे तंत्र आपल्याला परकं नाही. भाऊच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलं की भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय काही लांब नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी बाया तिथं उपचाराला गेल्या आहेत. त्याच जे. जे. मध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ साली दुर्बिणीतून पोट तपासायला सुरुवात केली, आणि १९९० साली पित्ताशय काढण्याचं भारतातलं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशनही त्यांनीच तिथं केलं. म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. कुटुंब नियोजनाचं बिनटाक्याचं ऑपरेशन तर त्याच्याही आधीपासून गावोगावी होतंय. तुमच्या सासूनंही ते केलेलं असेल.

याचा फायदा कष्टाच्या बाईला सगळ्यात जास्त. पोट मोठं कापलं तर जखम भरायला वेळ लागतो, कित्येक आठवडे वजन उचलता येत नाही. मासळीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईचं, लावणीला वाकणाऱ्या बाईचं तेवढ्यात सगळं बसतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात दुखणं कमी, दवाखान्यात राहणं कमी, कामाला लागणं लवकर.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छेद लहान असला तरी आतलं ऑपरेशन लहान नसतं. पित्ताशय काढायचं तर ते पूर्णच निघतं, मग पोटावरची खूण केवढीही असो. आणि अशा मोठ्या दुर्बिणीच्या ऑपरेशनाला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते, म्हणजे घशातून श्वासनलिकेत नळी घालून यंत्रानं श्वास द्यावा लागतो. कोरोनाच्या काळात या नळीला फार महत्त्व आलं. ते का, ते आता सांगते.

धास्ती आली कुठून

“पोटातल्या हवेतनं कोरोना पसरतो” ही गोष्ट कुणी चावडीवर बसून रचलेली नाही. मार्च २०२० मध्ये जगभरचे सर्जनच हा प्रश्न विचारत होते. ब्रिटनमधल्या सर्जनांच्या रॉयल कॉलेजांनी तेव्हा सांगितलं होतं की, शक्यतो दुर्बिणीची ऑपरेशनं करू नका. त्याच सुमारास तिथल्याच दुर्बिणीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितलं की काळजी घेऊन करायला हरकत नाही. अमेरिका आणि युरोपच्या दुर्बीण-सर्जनांच्या संघटनांनी सांगितलं की बाहेर येणारा वायू गाळून घ्या, कडक काळजी घ्या. आपल्याकडच्या संघटनांनीही तेच धरलं: थांबण्यासारखी ऑपरेशनं पुढं ढकला, निकडीची काळजी घेऊन करा. थोरामोठ्यांत अशी दोन मतं पडली, मग गावापर्यंत धास्ती पोचली यात नवल नाही.

त्या भीतीमागं कारण होतं. ऑपरेशन करताना रक्तवाहिन्या विजेच्या हत्यारानं जाळून बंद करतात, त्याचा धूर होतो. कोरियातल्या डॉक्टरांनी कावीळ-बीचा आजार असलेल्या ११ रुग्णांच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनातला धूर तपासला होता, तेव्हा १० जणांच्या धुरात त्या विषाणूचे अंश सापडले होते. मग कोरोनाचं काय, असा प्रश्न येणारच. आणि नळी काढताना पोटातला वायू फस्सकन बाहेर आला तर टेबलाभोवतीच्या डॉक्टर-नर्सच्या तोंडावर येणार, म्हणून त्यांना धास्ती. बघा, ही धास्ती मुळात ऑपरेशन करणाऱ्यांच्या जिवाची होती, रुग्णाच्या नव्हती. गावात पोचेपर्यंत ती रुग्णाच्या अंगावर आली.

पुढं तपासण्या झाल्या. इटलीत पिसा इथं एका कोविड रुग्णाच्या पोटातल्या पाण्यात विषाणूचे अंश सापडले. इतर ठिकाणी बऱ्याच रुग्णांच्या पोटात ते सापडले नाहीत. आणि दुर्बिणीच्या धुरामुळंच अमक्याला कोविड झाला, असं सिद्ध झालेलं उदाहरण पुढं आलं नाही. अंश सापडणं वेगळं आणि त्यातून दुसऱ्याला लागण होणं वेगळं. मुंबईहून आलेल्या बसचं तिकीट रस्त्यात पडलेलं सापडलं म्हणून बस अजून तिथं उभी आहे असं होत नाही, तसं हे.

दुसरं असं की, धूर उघड्या ऑपरेशनातही होतो. तिथं तो मोकळा खोलीभर जातो. दुर्बिणीत तो पोटातच कोंडलेला असतो आणि एका नळीतून गाळणी लावून बाहेर काढता येतो. उघडी चूल आणि धुराडं लावलेली चूल यात जेवढा फरक, तेवढा हा. म्हणून डॉक्टरांनी पद्धत बसवली: पोटात वायूचा दाब कमीत कमी ठेवायचा, छेद नेमका नळीएवढाच घ्यायचा, नळ्या काढायच्या आधी सगळा वायू शोषून गाळून घ्यायचा, आणि खोलीत गरजेपुरतीच माणसं, तीही चांगला मास्क लावून.

मग खरा धोका कुठं? कोरोना श्वासातून पसरतो. म्हणजे घशात नळी घालताना आणि काढताना रुग्ण खोकतो, तेव्हा. वॉर्डात शेजारच्या खाटेवर कुणी खोकत असेल तेव्हा. भेटायला आलेली पाच माणसं खाटेवर बसून डबा उघडतात तेव्हा. पोटापेक्षा नाकातोंडाची काळजी करा, एवढंच याचं तात्पर्य.

कोरोना होऊन गेला असेल तर

आता दुसऱ्या बाईच्या प्रश्नाकडं येते. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

जगभरच्या सर्जनांनी मिळून ‘कोविडसर्ज’ नावाचा एक मोठा अभ्यास केला. त्यात भारतातलीही रुग्णालयं होती. पहिला निष्कर्ष मे २०२० मध्ये आला. २४ देशांतले ११२८ रुग्ण, ज्यांना ऑपरेशनच्या सुमारास कोरोना होता. त्यातले जवळजवळ निम्मे फुप्फुसाच्या त्रासात सापडले आणि महिन्याभरात शंभरातले जवळपास चोवीस दगावले. त्यात बरेचसे वयस्कर आणि तातडीच्या ऑपरेशनचे होते, हे खरं. तरी आकडा छातीत धस्स करणारा आहे.

दुसरा निष्कर्ष मार्च २०२१ मध्ये आला. ११६ देशांतले १ लाख ४० हजारांहून जास्त रुग्ण. यात त्यांनी बघितलं, की कोरोना झाल्यावर किती दिवसांनी ऑपरेशन केलं तर काय होतं. मी तुम्हाला हजारात सांगते. ज्यांना कोरोना झालाच नव्हता अशा हजार जणांत ऑपरेशननंतर महिन्याभरात १५ जण दगावले. कोरोना होऊन दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या हजारांत ४१. तीन-चार आठवड्यांनी झालेल्यांत ३९. पाच-सहा आठवड्यांनी झालेल्यांत ३६. आणि सात आठवडे थांबलेल्या हजारांत परत १५.

त्या अभ्यासातून आलेला आकडा होता: सात आठवडे. म्हणजे पावणेदोन महिने. त्या अभ्यासात एवढं थांबलेल्यांचा धोका कोरोना न झालेल्या माणसाएवढाच होता. फक्त एक सांभाळा. सात आठवडे झाले तरी ज्यांना दम लागणं, खोकला असा त्रास चालूच होता, त्यांच्या हजारांत ६० जण दगावले. म्हणून त्रास उरला असेल तर तो डॉक्टरांना सांगा आणि आणखी थांबायचं का ते विचारा.

हे आकडे सगळ्या प्रकारच्या ऑपरेशनांचे आहेत, हृदयापासून हाडापर्यंतचे, आणि बहुतेक लस यायच्या आधीचे. तरुण, धडधाकट, लस घेतलेल्या बाईचा धोका यापेक्षा कमीच. पण दुर्बिणीचं होतं म्हणून तेव्हाचा हा नियम आपल्याला लागू नव्हता, असं कुणी समजू नये. भूल तीच आणि फुप्फुसंही तीच.

म्हणून त्या तिसऱ्या ताईला माझं सांगणं: ताप, खोकला, घसा, वास जाणं, यातलं काहीही असेल तर लपवू नका. “तारीख परत मिळणार नाही” म्हणून बाया ताप दडवतात, गोळी खाऊन येतात. तारीख पुन्हा मिळते. कोरोनाच्या साथीत ऑपरेशनच्या आधी आरटीपीसीआर करायला सांगत; आताही सांगितली तर ती करून घ्या. लस राहिली असेल तर आधी घ्या. लस आणि ऑपरेशन यांच्यात किती दिवस ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर आलेला ताप लसीचा की ऑपरेशनचा, हे कळेनासं होतं.

थांबायचं कुणी, आणि कुणी थांबायचं नाही

मैत्रिणींनो, तेव्हा सात आठवडे थांबा म्हटलं की सगळ्याच थांबतील, ही मला भीती होती. काही दुखणी थांबत नाहीत.

पाळी चुकली आहे, ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. हा गर्भ नळीत राहिल्याचा प्रकार असू शकतो. नळी फुटली तर पोटात रक्त साचतं आणि बाई तासाभरातही जाऊ शकते. अंडाशयावरच्या गाठीला पीळ पडला, तर अचानक कळ येते, उलट्या होतात. अपेंडिक्स दुखतंय, आधी बेंबीपाशी मग उजवीकडं खाली, आणि ताप आहे. पित्ताचे खडे आहेत आणि आता थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले. पाळी गेल्यावर परत रक्त जाऊ लागलं. कॅन्सरची शंका सांगितली आहे. यातलं पहिलं असेल तर १०८ ला फोन लगेच. बाकीच्यांनीही कोरोना आहे की नाही याचा विचार घरी बसून करू नये. दवाखान्यात जावं, तो विचार डॉक्टर करतील. कोरोना असला तरी निकडीचं ऑपरेशन काळजी घेऊन करतात.

कोरोनाच्या काळात आमच्याच एका गटातल्या तरुण वहिनीला असं झालं. घरचे म्हणत होते, दवाखान्यात नेलं तर कोरोना घेऊन येईल, रात्र जाऊ दे. आशाताईनं ऐकलं नाही. पाळी कधी आली होती एवढंच विचारलं आणि गाडी बोलावली. तिचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं नाही, पोट उघडून झालं, कारण रक्तस्राव फार होता आणि वेळ नव्हता. दुर्बिणीतून करायचं की उघडून, हे त्या घडीला सर्जनच ठरवतो. तिथं हट्ट धरायचा नाही. आज ती वहिनी शेतावर आहे.

दुसरी एक काकी. मासळी विकते. तिला पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनची तारीख मार्च २०२० ची मिळाली होती. लॉकडाऊन लागला, तारीख गेली. त्यात दवाखान्यांचीही अडचण होती. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय तर कोविडसाठीच राखून ठेवलं होतं. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. घरावरचे पत्रे गेले, त्यात ऑपरेशन कुठं आठवणार? आधी छप्पर. पुढं तारखा मिळायला लागल्या तेव्हा काकीच म्हणाली, आता दुखत नाही, कशाला जायचं. मग एका पावसाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकला होता. जे एका ऑपरेशनात निभावलं असतं त्याचे दोन भाग झाले. आधी तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढला, मग पित्ताशय काढलं. दवाखान्यातले दिवस वाढले, खर्च वाढला, धंदा बुडाला. काकी बरी आहे. पण दुखायचं थांबलं म्हणजे खडा विरघळला असं नसतं, हे ती आता सगळ्यांना स्वतः सांगते.

त्या काळात जगभर असंच झालं. कोविडसर्जच्याच सर्जनांनी अंदाज काढला होता, की पहिल्या लाटेच्या बारा आठवड्यांत जगात जवळपास २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशनं पुढं ढकलावी लागतील. त्यातल्या काही आपल्या गटातल्या बाया आहेत. ज्यांची तारीख गेली त्यांनी जुनी फाईल काढून परत एकदा दाखवून यावं. थांबायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. न विचारता थांबणं तेवढं सोडा.

कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनाबद्दल

हे ऑपरेशन निकडीचं नाही, थांबू शकतं. थांबायचं असेल तर मधल्या काळात मोकळं राहू नका. तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, निरोध आहे. आशाताईला विचारा. आणि घरधन्यालाही सांगा, पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी बायांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, पोटात शिरावं लागत नाही.

बाळंतपणानंतर लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन करत नाहीत, सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत करायचं तर ते लहान छेदाचं, टाक्याचं. हे माहीत असू द्या, म्हणजे उगाच खेपा पडणार नाहीत.

आणि एक जुनी, कडू आठवण. कोरोनाच्या कितीतरी आधी, ८ नोव्हेंबर २०१४ ला छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीची ऑपरेशनं केली. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर तेरा बायका गेल्या. पुढं सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, रुग्णालयातच नीट सोय करा. सरकारी नियमही आहे की एका पथकानं दिवसाला ३० च्या वर ऑपरेशनं करायची नाहीत, आणि एका दुर्बिणीवर १० च्या वर नाहीत, कारण प्रत्येक बाईनंतर दुर्बीण जंतुनाशकात ठरावीक वेळ बुडवून ठेवावी लागते. घाईनं, गर्दीत, धड स्वच्छता नसताना केलेलं ऑपरेशन कोरोना नसतानाही जीव घेतं. ते धीरानं आणि स्वच्छ ठिकाणी केलं तर कोरोनाच्या काळातही सुखरूप पार पडतं.

हे पाच प्रश्न लिहून घ्या

पहिला: माझं ऑपरेशन थांबू शकतं का, आणि थांबलं तर काय बिघडेल?

दुसरा: मला कोरोना अमक्या तारखेला झाला होता, मग किती दिवसांनी करायचं? इथं तारीख नक्की सांगा, “मागं झाला होता” असं नको.

तिसरा: भूल कोणती देणार, आणि भूल देणारे डॉक्टर हजर असतील ना?

चौथा: कोविडचे रुग्ण आणि ऑपरेशनचे रुग्ण वेगळ्या वॉर्डात आहेत का? तपासणी कधी, कुठं करायची?

पाचवा: ऑपरेशन दुर्बिणीतून होणार की उघडून, आणि मध्येच उघडावं लागलं तर खर्च किती वाढेल? योजनेत बसतं का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठलं रुग्णालय आणि कुठलं ऑपरेशन बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. टोल फ्री नंबर १५५३८८ आहे. हे कर्ज काढायच्या आधी विचारा, नंतर नाही.

प्रश्न विचारले म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही. एकटीला धीर होत नसेल तर गटातली एक बाई बरोबर न्या. पण एकच. वॉर्डात एकच सोबतीण, तीही मास्क लावून.

घरी आल्यावर

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. बाया घाबरतात, पोटाचं ऑपरेशन आणि खांदा कसा? पोटात थोडा वायू उरलेला असतो, तो वर पडद्याला टोचतो, त्याची कळ खांद्यात उठते. थोडं चाललं-फिरलं की जाते. तसंच घशात नळी घातलेली असते म्हणून एक-दोन दिवस घसा खवखवतो. त्याला लगेच कोरोना समजून घरच्यांनी बाईला कोपऱ्यात टाकू नये.

पण ताप आला, पोट दुखणं कमी व्हायचं सोडून वाढत गेलं, पोट फुगलं, उलट्या थांबेनात, छेदातून पू आला, लघवी होईना, पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर त्याच दिवशी परत दवाखान्यात जा. “बारीक छेद आहे, बरं होईल” म्हणत बसू नका. आणि दुसऱ्याच दिवशी पाण्याचा हंडा उचलू नका. किती दिवस वजन उचलायचं नाही ते विचारून या आणि ते सासूबाईंच्या आणि नवऱ्याच्या कानावर डॉक्टरांच्याच तोंडून पडू द्या. त्याचा परिणाम वेगळा होतो.

शेवटी गटांसाठी एक सांगणं. येत्या बैठकीत हप्ता गोळा झाला की एवढं विचारा: कोरोनामुळं कुणाचं ऑपरेशन राहिलंय? बाई आपण होऊन बोलत नाही, विचारलं तर बोलते. नाव निघालं तर तिला कर्ज लागेल का ते बघा, पण त्याच्या आधी तिचे चार दिवस कोण सांभाळेल ते ठरवा. मुलांना डबा कोण देईल, गुरांना पाणी कोण घालेल, बाजारात तिच्या जागेवर कोण बसेल. बऱ्याच बाया पैशावाचून अडत नाहीत, या चार दिवसांवाचून अडतात. ते चार दिवस गट देऊ शकतो. त्याला बँकेत जावं लागत नाही.

  राहिलेलं दाखवून घ्यायला हीच वेळ बरी आहे. मास्क लावा, प्रश्न विचारा, आणि जाऊन या.